तर्री पुसणारा फोटोग्राफर

मी मूळचा लग्नांचा फोटोग्राफर. तरीही गोंदियाजवळच्या फुलचूरच्या एका भोजनालयाच्या मालकांना मी ऐटीत म्हटलं, "भाऊ, तुमच्या पदार्थांच्या सगळ्या फोटोंना एकच लूक देतो. लोक नुसतं बघून तुमचं हॉटेल ओळखतील."

काळी थाळी एकच, उजेड एकाच बाजूनं, आणि नंतर कॉम्प्युटरवर सगळ्यांना सेटिंगही एकच. ती अर्थात माझी हातखंडा सेटिंग होती, नवरीच्या कपाळावरची चमक घालवून तिला गोरी करणारी. त्या सेटिंगनं चिकनच्या रश्श्यापासून वांग्याच्या भाजीपर्यंत सगळ्यांवरचा लाल तेलाचा तवंग साफ पुसला.

मालक फोटोंकडे बघतच राहिले. "तर्री काऊन पुसली बे? चिकन बिमार दिसून राहिलं!"

मी उलट त्यांनाच ब्रँडिंग शिकवलं. गोंदियाच्या लोकांना नजरच नाही, असं चिडचिडत घरी आलो.

पुढे एकदा सरकारी दवाखान्यासमोर त्यांच्या भोजनालयाचा नवा बोर्ड दिसला. त्यावर माझेच फोटो होते, सगळे एका लूकचे, नुसतं बघून ओळखू येणारे. वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं : 'पेशंटसाठी बिनतेलाचा, बिनतिखटाचा डबा मिळेल.'