सोबतीला कोण आहे?

वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी रायपूरच्या पंडरी बाजारातले कापडवाले गौतमराव पिंपळापुरे यांना कळलं की आपल्याला एकांताची गरज आहे. ही गोष्ट त्यांनी ताबडतोब सगळ्यांना सांगितली. दुकानातल्या माणसांना सांगितली, पुण्याला नोकरी करणाऱ्या मुलाला, नीलला, सांगितली आणि मराठी मंडळाच्या ग्रुपवरही टाकली.

मग सायकल आली. ती ग्रॅव्हल सायकल होती, म्हणजे चांगला डांबरी रस्ता असताना मुद्दाम मुरमावरून चालवायची. अंगणात सिलतऱ्याच्या कारखान्यांकडून येणारी काळी भुकटी बसते म्हणून तिला बैठकीत दिवाणाशेजारी जागा मिळाली. ही भुकटी घरातल्या बाकी सामानावर लग्नापासून बसत होती आणि त्यांची बायको अनुश्री ती रोज पुसत होती. भुकटीचा त्रास होतो हे गौतमरावांच्या लक्षात मात्र सायकलमुळे आलं. तंबू लावायची तालीमही बैठकीतच झाली. तो उभा राहिल्यावर गौतमराव आत जाऊन बसले आणि आतूनच त्यांनी चहा मागितला.

बेत असा होता. शनिवारी पहाटे निघायचं, अभनपूर मागे टाकून कालव्याकाठच्या मुरमाच्या वाटेला लागायचं, संध्याकाळपर्यंत गंगरेल धरणाच्या अलीकडच्या टेकड्या गाठायच्या. पायथ्याशी तंबूत एकट्यानं रात्र काढायची, रविवारी टेकडी चढायची आणि परत यायचं. कोणाची मदत घ्यायची नाही, स्वतःचं सगळं स्वतः करायचं. त्यासाठी अनुश्रीनं रवा भाजून, फोडणी मिसळून, नुसतं उकळतं पाणी ओतलं की उपमा होईल अशा पुड्या बांधून दिल्या. दशम्या केल्या, पोह्यांचा चिवडा केला आणि पिशवीच्या कुठल्या कप्प्यात काय आहे ते दोनदा समजावून सांगितलं.

ती अडवील असं गौतमरावांना वाटलं होतं. निदान थोडी कुरकुर तरी करील. ती लगेच "जा की" म्हणाली, तेव्हा ते जरा हिरमुसले.

"तुले काहीच वाटून नाही राहिलं काय, अनु?"

"वाटते ना. थंडी आहे. स्वेटर घ्या."

अनुश्रीला काय वाटत होतं ते तिनं कोणालाच सांगितलं नव्हतं. ती या घरात आली तेव्हा सासू होती, सासरे होते, दोन दीर होते. पुढे मुलगा झाला. एकेक करून माणसं कमी झाली, पण गौतमराव दुपारी दुकानातून जेवायला आणि डुलकी काढायला न चुकता घरी येत. संध्याकाळपासून दुसऱ्या सकाळपर्यंत या घरात ती एकटी अशी कधी राहिलीच नव्हती. ती एक रात्र तिला हवी होती. त्या रात्री काय करायचं हे तिनं ठरवलं नव्हतं. काही ठरवावं लागणार नाही, हेच त्यात चांगलं होतं.

अडचण एकच होती. पिंपळापुऱ्यांकडे घरातला पुरुष गावाला गेला की घरातल्या बाईला सोबत लागते. चोर-दरोडेखोर आलेच तर गौतमरावांच्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या प्रेमला आत्या त्यांचं काय करतील, हे कोणी विचारत नसे. गौतमराव माल आणायला सुरतेला जात तेव्हा त्यांची गाडी रायपूर स्टेशनातून हलायच्या आत आत्या तात्यापाऱ्यातल्या त्यांच्या घरून आपली उशी घेऊन हजर होत. रात्रभर त्या बोलत. पहाटे त्यांना झोप लागे, तोवर अनुश्रीची उठायची वेळ झालेली असे.

म्हणून अनुश्रीनं नवऱ्याला अट घातली की तारीख कोणाला सांगायची नाही, येऊन मग सांगायचं. लोक जास्त चकित होतील, असं ती म्हणाली. त्यांना ते पटलं.

शनिवारी ते निघाले. एकांताची सुरुवात फोननं झाली. अभनपूरहून त्यांनी मीठ-साखरेचं पाणी कुठे आहे ते विचारलं. कालव्यावरून, मुरमावर सायकल घसरते आहे हे कळवलं. ती मुरमासाठीच घेतली होती ना, असं अनुश्रीनं विचारलं, तर वाऱ्यामुळे ऐकू येत नाही म्हणाले. चष्म्याच्या डबीसाठी एक फोन झाला. पण दुपारनंतर फोन थांबले. अनुश्रीनं दिवाणावर पाय पसरले आणि बैठकीतल्या मोकळ्या कोपऱ्याकडे बघत बसली.

पाच वाजता मंडळाच्या ग्रुपवर व्हिडिओ आला. मागे टेकडी, बाजूला सायकल आणि घामाघूम गौतमराव म्हणत होते, "इथं फक्त मी आहे आणि निसर्ग आहे. उद्या संध्याकाळपर्यंत दुसरं कोणी नाही."

पुढच्या पाच मिनिटांत आत्यांचा फोन आला.

"अव अनु, तो जंगलात अन् तू घरात एकटी? मले काहून नाही सांगितलं? सोबतीला कोण आहे तुले?"

"कोणी नाही आत्या. मी राहीन ना."

"काय राहशील! मी येऊन राहिली. नातवाले ऑटो आणाले पाठवलं."

अनुश्रीनं मोकळ्या कोपऱ्याकडे पाहिलं. मग तिच्या तोंडून आपोआपच निघून गेलं, "आत्या, येऊ नका. मीच त्यांच्याकडे निघाली. बीपीच्या गोळ्या विसरले ते. तिकडे जाणारी धमतरीची बस आहे आता. उद्या सोबतच येऊ."

आत्या एकदम खूश झाल्या. नवऱ्यामागे गोळ्या घेऊन जंगलात जाणारी सून त्यांच्या पिढीतही कोणी पाहिली नव्हती. हव, जा, सांभाळून जा, म्हणाल्या.

आता घर बंद दिसायला हवं होतं. शेजारच्या कलावतीबाईंची नजर फाटकावरच असते. अनुश्रीनं पर्स घेतली, पुढच्या दाराला बाहेरून कुलूप लावलं, कलावतीबाईंना दिसेल असं रस्त्याच्या वळणापर्यंत चालत गेली आणि मागच्या गल्लीतून येऊन मोरीच्या दारानं घरात शिरली.

दिवा लावायची सोय नव्हती. गौतमरावांनी दोन हेडलाइट आणले होते, कपाळाला बांधायचे. त्यांतला एक इथंच राहिला होता. अनुश्रीनं तो डोक्याला बांधला. उरलेली उपम्याची पुडी फोडली, पातेलीत गरम पाणी ओतलं आणि स्वयंपाकघरातल्या फरशीवर बसून पातेलीतूनच खाल्लं. मीठ कमी पडलं होतं. पण तसं म्हणणारं कोणी नव्हतं.

तेवढ्यात फोन वाजला.

"अनु, आत्या म्हणते तू गोळ्या घेऊन निघाली. गोळ्या तर माह्या जवळच आहेत." गौतमरावांचा आवाज भ्यायलेला होता. "कुठे निघाली तू?"

खोटं बोलायला आता काही उरलं नव्हतं.

"कुठे नाही. घरीच आहे."

"मग सोबतीला कोण आहे?"

"कोणी नाही."

अनुश्रीला पलीकडून टीव्हीचा आवाज आला. मग कोणी तरी जवळच म्हणालं, "भैया, भाजी और दूँ?"

"तुम्ही कुठे आहात?" तिनं विचारलं.

तंबू पायथ्याशी लावला होता, गौतमराव सांगू लागले, पण काळोख झाला तसं झुडपात काहीतरी खुसफुसायला लागलं. शेजारच्या गावात हरिदास म्हणून त्यांचं जुनं गिऱ्हाईक राहतं. तो आग्रह करून घेऊन आला. तंबू आता हरिदासच्या ओसरीवर होता आणि हरिदासनं आपली खाट तंबूला लागूनच टाकली होती, भैयांना रात्री एकटं वाटू नये म्हणून.

"त्याच्याजवळ गाडी आहे," गौतमराव आशेनं म्हणाले. "सोडून देतो म्हणते. दोन तासात घरी येतो मी. तू एकटी आहेस."

अनुश्रीनं चमचा पातेलीत ठेवला.

"येऊ नका," ती म्हणाली. "ऐका. तुम्ही आत्यांना कळवा की मी पोचली. अन् मी मंडळात कोणाले नाही सांगणार की तंबू ओसरीत होता. उद्या टेकडी चढा, मग या. चढल्याशिवाय येऊ नका."

पलीकडे गौतमरावांनी हरिदासला गाडी राहू दे म्हणून सांगितलं.

"दशम्या छान झाल्यात," गौतमराव शेवटी म्हणाले, आणि फोन ठेवला.

पुढच्या रविवारी मंडळात त्यांचं भाषण झालं. विषय होता 'एकांत'. मुरमाची वाट, कालव्याचं पाणी, टेकडीवरून दिसलेलं सगळं त्यांनी रंगवून सांगितलं. टेकडी ते खरंच चढले होते. रात्रीविषयी बोलायची वेळ आली तेव्हा घोटभर पाणी प्यायले आणि म्हणाले की काही अनुभव शब्दांत मावत नाहीत. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

पहिल्या रांगेत आत्या अनुश्रीला चिकटून बसल्या होत्या.

"तू गेली म्हणून तो राहिला," त्या कुजबुजल्या. "कशी होती वं रात्र?"

अनुश्रीनं थोडा विचार केला.

"अंधार होता. अगदी शांत. कोणी काही मागत नव्हतं."

"भीती नाही वाटली तुले?"

"वाटली ना," अनुश्री म्हणाली. "उजाडायला लागलं तेव्हा."