दोघींनी वाचलेला धडा

भुतंखेतं, अंगात येणं, देवाचा कौल... यांतल्या कशावरच माझा कधी विश्वास नव्हता, आजही नाही. आयुष्यभर प्राथमिक शाळेत शिकवलं आणि मुलांनाही तेच सांगत आले. त्यामुळे हे वाचून कुणी हसलं तर खुशाल हसा. पण मी खोटं लिहिते आहे, असं म्हणू नका.

साल साधारण एकोणीसशे साठ-एकसष्ट. मालवणच्या उत्तरेला, खाडीच्या काठावर आमची चौथीपर्यंतची शाळा. मी चौथीत होते आणि बोलताना अडखळायचे. 'पाणी' म्हणायचं तर 'पा'वरच अडकून पडायचे. वाचायची पाळी आली की हे आणखीच वाढायचं.

शालन माझ्याच वर्गातली, खाडीपलीकडच्या वाडीतून होडीने यायची. एकदा मी अशीच अडकले, तर ही कुणाला न विचारता उठली, माझ्या डाव्या खांद्याशी उभी राहिली आणि हळू आवाजात माझ्याबरोबर वाचू लागली. तिच्या आवाजाला धरून मी आख्खा उतारा वाचला. आमच्या बाई एवढंच म्हणाल्या, की उद्यापासून दोघी मिळून वाचा. तेव्हापासून तसंच चाललं, आणि वर्गात मला कुणी हसलं नाही.

घरी मात्र आजोबांचं एकच — "बोलूक येणा नाय त्या चेडवाक शाळा कित्याक?" शाळाखात्याच्या दिपोटी, म्हणजे डेप्युटी, साहेबांच्या तपासणीत नापास झाले तर शाळा बंद, आणि मुंबईला आत्याकडे घरकामाला पाठवायचं, हे त्यांनी ठरवूनच टाकलं होतं.

नेमकी तपासणीच्या दिवशी शालन आली नाही. ती तापाने फणफणली आहे, असा निरोप होडीवाल्याने आणला. दुपारी साहेबांनी मलाच उभं केलं. मिठागराचा धडा. बाई माझ्याबद्दल काही सांगू लागल्या, तर साहेबांनी हातानेच थांबवलं.

पहिल्याच शब्दाला जीभ टाळ्याला चिकटली. तेवढ्यात डाव्या खांद्याशी आवाज आला. शालनचा. हळू, नेहमीसारखा. मी वळून पाहिलं नाही. पाहिलं तर तो जाईल, अशी भीती वाटली. वाचत गेले, शेवटच्या ओळीपर्यंत.

साहेबांनी चष्मा काढला. "मी एकीलाच सांगितलं होतं. दुसरी कोण वाचत होती? 'क्षार'ला 'शार' म्हणणारी?"

'शार' म्हणायची ती शालनच, हे सगळ्या वर्गाला ठाऊक होतं. बाई पुढे आल्या. "साहेब, ती मुलगी आज शाळेत आलेलीच नाही."

साहेब एकेका चेहऱ्याकडे बघत राहिले. मग मला बसायला सांगितलं, आणि पास केलं.

शाळा सुटल्यावर बाई मला घेऊन पलीकडे गेल्या. शालन गाढ झोपली होती, ताप उतरला होता. बाईंनी काही विचारायच्या आधीच तिची आई सांगू लागली, "दोपारी उठान बसला नि धडो वाचूक लागला. हातात पुस्तक खंय होता? मगे घाम इलो नि निजला."

बाई तिथेच उंबऱ्यावर बसल्या. माझा हात त्यांनी बराच वेळ सोडला नाही.

माझा इंजिनिअर मुलगा म्हणतो, आई, तो भास. तिचा आवाज तुझ्या मनात बसला होता. ठीक आहे, माझ्यापुरतं मानते. पण साहेबांच्या मनात तो कुठून बसला? ते तर त्या दिवशी पहिल्यांदाच आमच्या गावात आले होते.

शालन आता बांद्याला असते. गेल्या मे महिन्यात मी तिला सरळच विचारलं. ती काजूगर सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "माका कायएक आठवणा नाय गो. पण तू अडाकलंस म्हटल्यार मी घरात कशी रवतलंय?"

मला एवढं पुरे आहे. ज्यांना पुरत नाही, त्यांनी दुसरं उत्तर शोधावं.