सरकीच्या गोदामाचे झरोके

शुक्रवार, ९ जानेवारी. शिलाई मशीन भिंतीपासून चार हात पुढे ओढायच्या, हे सकाळचं पहिलं काम. दुपारी चारला नगरपरिषदेच्या इंजिनिअर मॅडम भिंती बघायला येणार होत्या.

आम्ही अकराजणी जुन्या जिनिंगच्या सरकीच्या गोदामात शाळांचे गणवेश शिवतो. कापसातून सरकी वेगळी करणारी ही जिनिंग बंद पडून जमाना झाला. यंत्रं भंगारात गेली. उरलं विटांचं उंच धुराडं आणि हे दगड-चुन्याचं गोदाम. तरी गेवराईहून येणाऱ्या गाडीचा कंडक्टर अजून "जिनिंगवाले उतरा" असंच ओरडतो, आणि गावात पत्ता सांगायचा तो धुराड्याच्या अलीकडं नाहीतर पलीकडं.

मला जुन्या इमारतींचं फार कौतुक आहे असं नाही. छप्पर गळत नाही आणि मशीन मावतात, म्हणून मी ही जागा मागून घेतली. पण दोन पावसाळ्यांत उत्तरेच्या भिंतीने ओल धरली, गिलावा फुगला, वरून खाली भेग गेली. मॅडमनी 'धोकादायक' लिहिलं की गोदामाला टाळं लागणार होतं. सव्वीस जानेवारीचे गणवेश अर्धे शिवून पडले होते आणि एवढ्या मशीन मावतील अशी दुसरी जागा गावात नव्हती.

मी भेगेत सिमेंट भरायला घेतलं. तेवढ्यात समोरच्या गल्लीतली मावशी आमची धावपळ बघायला आली. तरुणपणी ती याच जिनिंगमध्ये कापसातली कवडी, म्हणजे किडका-पिवळा कापूस, वेचायला होती. ती दारातच थांबली, वर बघितलं आणि कमरेवर हात ठेवले.

"वरचे झरोके कुठं गेले गं?"

"बुजवले," मी म्हणाले.

"कावून?"

"चिमण्या यायच्या. पांढऱ्या शर्टांवर घाण करायच्या."

"मंग शर्ट झाकायचे व्हते की! आमी इथं सरकीचे ढीग टाकायचो. हवा न्हाई लागली तर सरकी आतल्या आत तापायची. म्हणून मुकादम रोज काठी घालून झरोके मोकळे करून घ्यायचा. भिंतीला श्वास घिऊ द्या जरा."

आमच्यातली सगळ्यात तोंडाळ म्हणाली, "मावशी, आमाला घरात श्वास घ्यायला फुरसत न्हाई, भिंतीचं कुठं घिऊन बसलीस!"

"म्हणूनच तुमी बी अशा फुगल्या, भिंतीवानी," मावशी म्हणाली. सगळ्या खो खो हसल्या. तोंडाळ बाई सगळ्यात जास्त.

झरोके बुजवायची अक्कल माझीच. गणवेशाच्या चिंध्यांचे बोळे कोंबून वरून सिमेंट फासलं होतं, आणि भिंत नीट दिसावी म्हणून खालीही सिमेंटचा गिलावा मारून घेतला होता. हातातली थापी मी खाली ठेवली आणि शिडी मागवली.

पुढचे दोन तास धमाल होती. दोघी शिडीवर, बाकीच्या खाली. छन्नीचा घाव घालायचा, आकडा अडकवून बोळा ओढायचा. खाकी, निळ्या, चौकड्यांच्या चिंध्या काळ्या पडून, ओल्या होऊन बाहेर यायला लागल्या. कोणता बोळा कोणत्या शाळेचा यावर पैजा लागल्या. एक बोळा थेट मावशीच्या पायाशी पडला तेव्हा ती म्हणाली, "आगं, मला मारून इमारत वाचवता का काय?" शेवटचा झरोका मोकळा झाला आणि गोदामातून वारा आरपार गेला. फरशीवर उन्हाचे चौकोन पडले. कापून ठेवलेल्या बाह्या उडाल्या, त्या गोळा करत आम्ही पोरींसारख्या पळत होतो.

मॅडम बरोबर चारला आल्या. माझ्या मुलीच्या वयाच्या. मी काही लपवलं नाही; काय केलं होतं आणि आज काय काढलं ते सांगितलं. त्यांनी भेगेशी किल्लीने खरवडलं. गिलाव्याची मोठी खपली धाडकन पडली. आतला दगड सरळ होता, सांध्यातला चुना घट्ट. त्यांनी दोन-तीन ठिकाणी ठोकून बघितलं.

"भेग गिलाव्यात आहे, भिंतीत नाही," त्या म्हणाल्या. "सिमेंटमुळे ओल आत कोंडली. हा सगळा गिलावा काढा, भिंत वाळू द्या, मग चुन्याचाच करा. झरोक्यांना जाळी बसवा. मी दुरुस्ती लिहिते, धोकादायक नाही."

"मंग मशीन हितंच?" मावशीने विचारलं, जणू तीच शिवणार होती.

"इथंच. फक्त गिलावा निघेपर्यंत त्या भिंतीपासून लांब ठेवा."

मावशीने मॅडमच्या गालावरून हात फिरवून बोटं कडाकडा मोडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी साडी खोचली, डोक्याला फडकं बांधलं आणि दाराजवळच्या कोपऱ्यापासून गिलावा पाडायला घेतला. नऊला बाकीच्या आल्या तेव्हा माझ्या खांद्याएवढ्या उंचीपर्यंत दगड मोकळा झाला होता.