बाईंनी न पाहिलेलं जेरुसलेम

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही पुण्याहून इंग्लंडातल्या रीडिंगला आलो. मला काही काम मिळेना, म्हणून लायब्ररीतल्या मंगळवारच्या वर्गाला नाव घातलं. विषय होता आधुनिक अरबी कवितेतलं जेरुसलेम. कविता इंग्रजी भाषांतरात वाचायच्या. शिकवणाऱ्या बाई पॅलेस्टिनी, साठीच्या पुढच्या.

सोनेरी घुमट आणि भक्ती, एवढीच माझी अपेक्षा. पण पहिल्याच कवितेत शहर म्हणजे खिडकीत केस विंचरणारी बाई होती. कवी खालून हाका मारतो, ती ओळख दाखवत नाही, आणि मग तो तिला चक्क शिव्या घालतो. मी हबकलेच.

"पवित्र शहराला असं बोललेलं चालतं?"

"पूर्वीचे कवी दुरून हात जोडायचे," बाई म्हणाल्या. "शहर हातचं जाऊन इस्रायलकडे गेलं, तेव्हापासून ते तिच्याशी घरच्यासारखे भांडतात."

"आमच्या संतांनीही देवाला शिव्या दिल्यात."

"मग तुम्हाला कळेल."

पुढच्या कवितांत घुमट जवळजवळ नव्हतेच. तिळाचा पाव, बसची रांग, लष्करी चौकीवर ओळखपत्र शोधत पिशवी उपसणारी म्हातारी. वाचता वाचता बाई सांगायच्या, इथल्या पायऱ्या मधोमध झिजल्यात, या वळणावर कॉफी भाजल्याचा वास येतो. मला सगळं दिसायचं.

एकदा चहा घेताना मी सहज विचारलं, "तुम्ही तिथून निघालात कधी?"

"मी ते शहर पाहिलेलंच नाही," त्या म्हणाल्या. "माझा जन्म कुवेतचा. अठ्ठेचाळीसच्या युद्धात आई घर सोडून निघाली, तिला परत जाता आलंच नाही. आईनं सांगितलेलं आणि कवितेत वाचलेलं, तेवढंच माझं."

खरं सांगायचं तर मला रागच आला. घरी येऊन नवऱ्याला म्हटलं, "बाईंनी फसवलं आम्हाला." तो म्हणाला, "मी तिथलीच, असं म्हणाल्या होत्या का त्या?" नव्हत्या म्हणाल्या. मला फार लाज वाटली.

ईस्टरच्या सुट्टीत बाई ब्रिटिश पासपोर्टवर तिकडे जाऊन आल्या. सुट्टीनंतरच्या पहिल्या मंगळवारी वर्ग सुटल्यावर आम्ही दोघीच बसस्टॉपवर होतो.

"आईनं सांगितलेल्या खुणांवरून घर सापडलं," त्या म्हणाल्या. "दार एका तरुण मुलीनं उघडलं. तिच्या कडेवर बाळ होतं. मी प्यायला पाणी मागितलं. तिनं लिंबू पिळून दिलं. विचारलं, टूरिस्ट का? मी हो म्हणाले."

"हे आमचं घर, असं नाही सांगितलंत?"

"बाळ झोपलेलं होतं हो."

इतकी वर्षं ज्या दारासाठी जीव टाकला, त्या दारात उभं राहून त्या स्वतःला परकं म्हणून आल्या होत्या. मी त्यांचा हात धरला. इंग्लंडात आल्यापासून घराबाहेरच्या कुणाचा हात मी असा धरला नव्हता. बस आली, तरी त्यांनी तो सोडवून घेतला नाही. आम्ही ती बस जाऊ दिली.