व्हाळावरचं जाळं

चप्पल नेहमी एकच येते. जोड कधी येत नाही. ओहोटीला आमच्या बांधावर उभं राहिलं की आधी चपला दिसतात, मग दुधाच्या पिशव्या, थर्माकोल, सलाइनच्या नळ्या, फुगून चिखलगोळा झालेली डायपरं आणि या सगळ्याच्या मधोमध माझी कांदळाची, म्हणजे खारफुटीची, रोपं. एकेका रोपाच्या गळ्यात पिशवी अडकलेली. सकाळी काढा, संध्याकाळच्या भरतीला दुसरी हजर. माझं डोकं फिरायचं ते इथूनच.

माझं माहेर याच नदीवर, वरच्या अंगाला, बाजाराच्या गावात. दिली ती खाली, जिथं नदीची खाडी होते तिथं. सासरचं भाताचं शेत खाडीला लागून, मध्ये फक्त एक मातीचा बांध. घरात वर्षभर शिजतो तो भात त्याच शेतातला. खारं पाणी एकदा आत शिरलं की पुढचे दोन-तीन पावसाळे जमीन धुऊन निघेपर्यंत लोंबी धरत नाही. पूर्वी बांधापुढे जुनी कांदळं होती, लाटेचा मार ती खायची. ती तुटली कशी हा वेगळा विषय, पण तुटली, आणि बांध उघडा पडला. म्हणून मी आणि वाडीतल्या बायकांनी कांदळाच्या लांब शेंगा वेचून चिखलात खोचल्या. दोन पावसाळ्यांत रोपं कमरेला आली. मी त्यांच्याकडे पोरांसारखी बघायचे.

कणकवलीला त्यावर एक प्रशिक्षण झालं. साहेबांनी पडद्यावर चित्रं दाखवली. या झाडांखालच्या चिखलात कार्बन साठून राहतो, त्याला निळा कार्बन म्हणतात, सगळ्या जगाचं लक्ष आता आपल्या खाड्यांकडे आहे, असं सांगितलं. जगाचं एवढं लक्ष आहे तर त्याने एकदा ओहोटीला येऊन डायपरं उचलावीत, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. चहा घेतला आणि एसटीने परत आले.

पण साहेब एक गोष्ट बरोबर बोलले. एका गावाने झाडलोट करून काही होणार नाही, नदीवरच्या सगळ्या गावांनी एकत्र बसायला हवं. म्हणून मी दादाला गाठलं. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. बाजारात त्याचं किराणा मालाचं दुकान, पंचायतीत शब्दाला वजन. त्याने मनावर घेतलं आणि बाजारवाले, दोन्ही काठांच्या वाड्या, खाडीच्या मुखावरचे मच्छीमार असे सगळे आमच्या देवळाच्या मंडपात जमले.

काय ती बैठक. मच्छीमार म्हणाले, कचरा नदीतून येतो. बाजारवाले म्हणाले, छे, समुद्रातून येतो, आणि पुरावा म्हणून त्यांनी कुणालाच वाचता न येणाऱ्या अक्षरांची एक बाटली पिशवीतून काढून मधोमध ठेवली. बांद्याहून आलेला कुणाचासा पाव्हणा म्हणाला, हे सगळं गोव्याचं. गोव्याचं कोणी तिथं नव्हतंच, त्यामुळे यावर मात्र ताबडतोब सगळ्यांचं एकमत झालं. ग्रामसेवक उठून शुद्ध मराठीत समन्वयाबद्दल बोलले. मी मूग गिळून बसले होते, शेवटी राहवलं नाही. बांधावरून आणलेलं पोतं मी मंडपात ओतलं. त्यातल्या निम्म्या पिशव्यांवर बाजारातल्याच दुकानांची नावं छापलेली होती, आणि एक तर दादाचीच निघाली. वहिनी आठवडाभर माझ्याशी बोलली नाही, पण बैठक मुद्द्यावर आली.

ठरलं ते असं. बाजारामागच्या व्हाळातून, म्हणजे ओढ्यातून, सगळी घाण नदीला मिळते, तर त्या व्हाळावरच आडवं जाळं बांधायचं. आमच्या ह्यांच्या तोंडवलीच्या मित्राने रापणीचं, किनाऱ्यावरून ओढायचं, जुनं नायलॉनचं जाळं दिलं. गावांनी पाळीपाळीने येऊन ते रिकामं करायचं, आणि कचरा बाजारच्या ट्रॅक्टरने न्यायचा. आणि खरंच, जाळं काम करायला लागलं. बांधाखाली चिखल दिसायला लागला, चिखलात कुर्ल्यांची, खेकड्यांची, बिळं दिसायला लागली. खोटं कशाला सांगू, मी देवापुढे नारळ ठेवला.

मग गणपती आले आणि गेले. नंतरची पाळी आमच्या वाडीची होती. आम्ही बायका व्हाळावर पोचलो तर जाळ्यात नुसतं निर्माल्य. हार, दूर्वा, केवडा, सगळं गच्च गाठ मारलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांत. देवाची फुलं जमिनीवर टाकू नयेत म्हणून लोकांनी भक्तिभावाने पिशव्यांसकट पाण्यात सोडलेली. आता ती कचऱ्याच्या ट्रॅक्टरमध्ये कशी घालायची? एकही बाई हात लावायला तयार होईना. मी म्हटलं, अगो, देव कधीच आपल्या घरी गेले, आता हा उकिरडाच आहे. तर सगळ्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच कुठून तरी बाटून आलेय. देवळातल्या भटजींना विचारलं, ते म्हणाले, पाण्यात सोडा. पाण्यातूनच तर काढायचं होतं. बाजारवाले म्हणाले, पाळी तुमची. आमच्या बायका म्हणाल्या, गणपती तुमचे. समोरच्या काठाने कळवलं की आधी हे निस्तरा, मग आम्ही येतो. त्यावर पुन्हा बैठक लावली, ती कोरम नाही म्हणून झाली नाही. आणि जाळं रोज भरतच होतं.

तेवढ्यात हस्ताचा पाऊस कोसळला. भरलेल्या जाळ्याने व्हाळ तुंबला, पाणी मागे बाजारात चढलं. कोणीतरी कोयत्याने जाळ्याच्या दोऱ्या तोडल्या. ते सगळं धूड, नायलॉन, पिशव्या, बाटल्या, निर्माल्य, नदीतून गडगडत खाली आलं आणि नेमकं आमच्या बांधापुढे रोपांवर बसलं. आठ माणसांनी ओढलं तरी हललं नाही. भरतीला ते उचललं जायचं, ओहोटीला बसायचं, आणि दर खेपेला रोपं मुळासकट उपटून बांध खरवडायचं. आम्ही दगड लावले, नारळाची झापं लावली. कोजागिरीच्या उधाणाला बांध फुटला. भात दाण्यावर आलेलं होतं. चार दिवसांत पिवळं पडलं.

दादा आला तो त्यानंतर. बांधावर चपला काढून तसाच चिखलात उतरला, कमरेचा कोयता काढला आणि जाळं कापायला बसला. मी शेजारी पिशव्या उपसत होते. बांध फुटल्यावर त्याने साधा फोन केला नाही, चौकशी केली नाही, म्हणून मी रागाने धुमसतच होते. मग त्यानेच मान वर न करता सांगितलं.

"पाणी उंबऱ्याक लागला होता, बाय. पोती भिजतली म्हणान जाळा मीच कापलंय."

मला ते आधीच कळायला हवं होतं. व्हाळाला लागून दुकान त्याचंच. शंभर शिव्या माझ्या तोंडात आल्या. पण माझ्या उंबऱ्याला पाणी लागलं असतं तर मी काय जाळ्याची पूजा केली असती? हेच मला सहन होईना. ज्याच्यावर ओरडावं असा एकही माणूस या सगळ्यात मला सापडत नव्हता, आणि शेत तर गेलंच होतं.

तरी मी म्हटलं, "तुझा दुकान वाचला. माझा शेत बग."

त्याने वळून पाहिलं. माझ्या लग्नाआधी हे शेत बघायला तोच आला होता, आणि पोरीला भाताची ददात पडणार नाही असं आईला त्यानेच येऊन सांगितलं होतं.

"कोयतो मारताना," तो म्हणाला, "खाली तुझा शेत आसा, ह्या माका आठवलाच नाय."

भरती चढायला लागली होती. मी जाळ्याचं टोक त्याच्या हातात दिलं आणि म्हटलं, ओढ.