रामटेके मॅडमची निळी खुर्ची

लाइट गेली की आमच्या घरी भाजी पातळ व्हायची. बाबा कामठीला दुसऱ्याच्या पॉवरलूमवर होते. माग थांबला की मजुरी थांबायची. आमच्यात दहावीच्या पुढं कोणी गेलं नव्हतं. अशा घरातून मी शेअर ऑटोत कोंबून नागपूरला समाजकार्य शिकायला जायचे, आणि बाबा शेजाऱ्यांना सांगायचे, "पोरगी साहेबीण होऊन राहिली." कसली साहेबीण हे त्यांना माहीत नव्हतं, खरं सांगायचं तर मलाही नव्हतं. ते ज्यांनी मला शिकवलं, त्या रामटेके मॅडम गेल्या महिन्यात गेल्या. त्यांच्या मुलाचा फोन आला तेव्हा मी वस्तीत बायकांची मीटिंग घेत होते. "आई सकाळी गेली," एवढंच तो म्हणाला… मी मीटिंग पूर्ण केली. अर्धवट सोडली असती तर मॅडमच रागावल्या असत्या.

मॅडम आमच्या फिल्डवर्कच्या मार्गदर्शक. आम्ही वस्तीत जाऊन माणसं भेटायचो आणि आठवड्याला त्यांच्यासमोर बसून सगळं सांगायचो. बसणाऱ्या आम्ही दोघी, मॅडम आणि मी, पण त्यांच्या खोलीत खुर्च्या तीन असत. तिसरी निळी, प्लास्टिकची. पहिल्या दिवशी मी तिच्यावर पिशवी ठेवली, तर मॅडमनी उचलायला लावली. "जिच्याबद्दल आपण बोलून राहिलो, तिची जागा आहे वं ती. तिच्या तोंडावर म्हणता येत नाही, ते इथंही म्हणायचं नाही."

तेव्हा कॉलेजात काय धामधूम होती! पहिल्या वर्षीचे विभागप्रमुख चळवळीतले; त्यांच्या वर्गात माणूस दारू प्यायला तरी दोष व्यवस्थेचा. दुसऱ्या वर्षी नवे सर आले, आणि तीच दारू संस्कार कमी पडल्यामुळे झाली. आम्ही पोरी हुशार. बाई तीच, अहवाल तोच, फक्त शेवटच्या पानावरचं 'शोषित' काढून 'विस्कळीत कुटुंब' टाकायचं. मार्क बरोबर मिळायचे. मॅडमच्या आईवडिलांनी धम्मदीक्षा घेतलेली, त्या स्वतः मोर्च्यांत वाढलेल्या. मतं लपवणं त्यांना जमायचंच नाही. स्टाफरूममध्ये टेबल आपटून भांडायच्या. पण आमच्या अहवालात त्यांचंच वाक्य सापडलं की त्याच्याखाली रेघ ओढायच्या. "हे तर माझं आहे. तिचं कुठं आहे?"

माझ्याकडे होत्या वस्तीतल्या रझियाबी. घराची एकच चाबी, ती नवऱ्याच्या खिशात. तो नसताना बाहेर पडायचं तर घर उघडं टाकावं लागे, म्हणून ही बाई बाहेर पडतच नसे. त्यात त्याची दारू. मी मॅडमसमोर आधी पहिल्या वर्षाचं शिकलेलं बोलले, की तिनं त्याला सोडावं. मग दुसऱ्या वर्षाचं, की दोघांना समोर बसवून घर जोडावं. मॅडम निळ्या खुर्चीकडे बघत ऐकत होत्या. "तिले विचारलं का?" झालं, संपली चर्चा.

दुसऱ्याच दिवशी गेले आणि विचारलं. रझियाबी जरा हसल्या. "बेटी, मेरेको तलाक भी नहीं होना, समझौता भी नहीं होना. मेरेको घर की चाबी होना."

मी अक्षरशः पळत बस गाठली! मॅडमना सांगितलं तर त्या माझ्याहून जास्त खूश. आम्ही दुसरी चाबी बनवली, नवऱ्याच्या समोर. तो कुरकुरला, पण पलीकडच्या गल्लीत राहणारी त्याची आईच म्हणाली, राहू दे तिच्याजवळ. आठवड्याभरात रझियाबी शिवणवर्गाला यायला लागल्या.

अहवालात मी तेवढंच लिहिलं. तोंडी परीक्षेत नव्या विभागप्रमुखांनी विचारलं, कुटुंब जोडल्याचा निष्कर्ष कुठे आहे? बाहेरून आलेले परीक्षक दुसऱ्या विचारांचे. ते म्हणाले, पितृसत्तेचं विश्लेषण कुठे आहे? एरवी एका टेबलावर चहा न पिणाऱ्या त्या दोघांचं माझ्या नापास होण्यावर मात्र लगेच एकमत झालं. बाबांचा खोकला तेव्हा वाढला होता. अजून एक वर्ष ते माग चालवू शकणार नव्हते, म्हणजे नापास झाले असते तर शिक्षण तिथंच संपलं असतं.

मार्गदर्शक म्हणून बाजूला बसलेल्या मॅडम उठल्या, बाहेर गेल्या आणि ती निळी खुर्ची घेऊन आल्या. टेबलासमोर ठेवली. "सर, मले विचाराल तर रझियाबीनं त्याले सोडावं. मी आजही हेच म्हणीन. पण तिनं मले विचारलं नाही. या पोरीनं तिले विचारलं, अन् तिचं ऐकलं. आता हिले नापास काहून करता, ते या खुर्चीले सांगा."

परीक्षकांनी चष्मा काढून पुसला आणि मला हळूच विचारलं, "शिवणवर्ग चालू आहे का तिचा?" मी म्हटलं, हो. पुढचा प्रश्न आलाच नाही. मी पास!

परवा मनीषनगरला मॅडमच्या घरी पुण्यानुमोदनाचा, म्हणजे बौद्ध रीतीनं श्रद्धांजलीचा, कार्यक्रम होता. हॉल गच्च भरलेला, जिन्यात माणसं उभी. मोर्च्यातली होती, मॅडमशी आयुष्यभर भांडलेलीही होती. ते विभागप्रमुखसुद्धा भिंतीला टेकून उभे होते. आणि मधोमध एक निळी खुर्ची रिकामी. कोणी पाटी लावली नव्हती, पण तिच्यावर कोणी बसत नव्हतं. एका पाहुण्या बाईनं पर्स ठेवली, तर आम्ही सातआठ जणी एकदमच म्हणालो, "ताई, उचला ती."

आज कामठीच्या केंद्रात माझ्या खोलीत तीन खुर्च्या आहेत. माझ्या हाताखाली शिकायला येणाऱ्या पोरी माझ्या मताच्या उलट अहवाल लिहितात आणि पास होतात.