आंब्याखालचं क्रोटन

आमच्या आंब्याखाली चाळणीतून गाळल्यासारखं ऊन पडतं. तेवढंच क्रोटनला मानवतं. गर्द सावलीत ते नुसतं हिरवं राहतं; इथे लाल-पिवळं पेटतं.

"कुठून आणलंस रे?" शेजारच्या काकूंनी इतक्या वर्षांत आज पहिल्यांदाच विचारलं.

चोरलेली फांदी हमखास जगते, म्हणतात. वीस वर्षांपूर्वी मी काकूंच्याच कुंडीतली ओरबाडली, झाड मोडलं, आणि त्यांनी गणपत माळ्याला काढून टाकलं. मी गप्प राहिलो. फुलं निदान गळून जातात. ही पानं बारमाही रंगलेली, रोज डोळ्यांसमोर.

"तुमच्याकडून. गणपतनं नाही, मी मोडलं होतं झाड."

काकूंनी एक पान उलटून पाहिलं. "मग मला काय सांगतोस? त्याला सांग जा."

मी फांदी कापून ओल्या फडक्यात गुंडाळली. गणपतच्या दारात कडुनिंब आहे. तिथेही अशीच अर्धी सावली पडते. जाता-येता कितीदा पाहिलीय मी.